सात फळ्या आणि वझरकर मास्तर

वझरकर मास्तर कुठेही गेले की आधी ठोकून बघत. दाराची चौकट, बैलगाडीचे जू, चावडीचा खांब, पोरांच्या पाट्या, पोरांची डोकी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर वाकवून दोन ठोके देत आणि मान जराशी कलती करून ऐकत. त्या पेराला घट्टा पडला होता. गावाने त्यांना ठोक्या मास्तर असे नाव दिले होते. ते त्यांना ठाऊक होते आणि त्यांची त्याला हरकत नव्हती.

सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. नाव देत नाही, कारण यात येणारे घर अजून तिथे नांदते आहे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तो काळ. जंगल सरकारचे, शाळा सरकारची, आणि शाळेत शनिवारी सकाळी निसर्गपाठ असे. इतर गावांतले मास्तर या तासाला पोरांकडून अंगण झाडून घेत किंवा भेंडीला पाणी घालून घेत. वझरकर मास्तर पोरांना जंगलात नेत.

ते आमच्याकडे येण्याआधी काय करत, याच्या दोन कथा होत्या. एक, त्यांना जंगलखात्यात नोकरी हवी होती आणि डोळ्यांमुळे मिळाली नाही. दुसरी, ती मिळाली होती आणि तोंडामुळे गेली. दोन्हींना आधार मिळाला नाही. त्यांच्या तोंडाचा अनुभव घेतलेल्यांना दुसरी खरी वाटे. बायको नव्हती की वारली होती, तेही नक्की कळले नाही. खोलीत एक बाज, एक पेटी आणि खिडकीशी ओळीने लावलेले लाकडाचे तुकडे. प्रत्येक तुकडा निरनिराळ्या रीतीने कुजलेला.

कुजणे हा त्यांचा विषय होता. फुले, फुलपाखरे, पक्षी यांना ते पहिल्या आठवड्यात उरकत. मग एका शनिवारी धावड्याच्या एका जुन्या झाडाशी नेऊन उभे करत आणि खोडाला चिकटलेली ती वस्तू दाखवत. अर्धे ताट भिंतीत रुतून बसावे तशी. वरून तपकिरी, दगडासारखी टणक, कडेपर्यंत एकाबाहेर एक वळ्या असलेली. खालून पांढरी. गावात तिला वेगळे नाव नव्हते. पावसाळ्यात उकिरड्यावर येते ती कुत्र्याची छत्री, आणि ही तिचीच कोणी लांबची नातेवाईक, एवढेच लोक समजत. मास्तर तिला फळीची आळंबी म्हणत.

ते शिकवत चांगले. हे नोंदवायला हवे, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात ते विसरायला होईल.

“हे झाड आहे का?” ते विचारत.

“नाही.”

“फूल?”

“नाही.”

“मग काय?”

मग ते शेजारच्या वावराकडे बोट दाखवत. “ती पऱ्हाटी. तिला बोंड येतं. बोंड म्हणजे पऱ्हाटी का? नाही. ही फळी म्हणजे आळंबीचं बोंड. हिची पऱ्हाटी आत आहे, लाकडात. कापसाच्या धाग्याहून बारीक धागे, या खोडात वरपासून खालपर्यंत. ते लाकूड खातात. पानं नाहीत, ऊन लागत नाही. लाकूड हीच भाकर. बोंड दिसलं तेव्हा पऱ्हाटी केव्हाची वाढलेली असते. फळी दिसली तेव्हा झाड आतून केव्हाचं संपलेलं असतं.”

मग भिंग काढत. पितळी मुठीचे ते भिंग त्यांच्या मालकीची एकच किमती वस्तू होती. आम्ही एकेक करून फळीच्या पांढऱ्या पोटाकडे बघत असू. त्यात बारीक बारीक भोके असत. त्या भोकांतून तपकिरी पूड गळते, तीच हिची बी, असे ते सांगत आणि खालच्या पानांवर साचलेली पूड दाखवत. ती कोकोच्या पुडीसारखी दिसे, असे मी आज लिहीन. तेव्हा कोको पाहिला नव्हता. आम्हाला ती तपकिरीसारखी वाटली आणि शालिग्रामने हुंगून बघितली.

शालिग्राम हा आमच्या वर्गातला जाडा, शांत मुलगा. मास्तरांनी त्याला धावड्याला टेकून उभा केला. मग झाडाला ठोका दिला आणि शालिग्रामच्या डोक्याला ठोका दिला. पुन्हा झाडाला, पुन्हा डोक्याला.

“फरक सांगा.”

वर्ग हसू लागला.

“हसू नका. फरक सांगा. फरक नाही, हे उत्तर आहे. दोन्ही पोकळ.”

शालिग्रामच्या डोळ्यांत पाणी आले आणि तरीही तो हसत राहिला, कारण सगळे हसत होते. त्या दिवसापासून तो पोकळ्या झाला. त्याच्या लग्नात नवरीकडच्या माणसांनी हे नाव कुठून तरी ऐकले आणि अक्षता पडत असताना मागून कोणीतरी “पोकळ्या, सावधान!” असे ओरडले. आज तो आजोबा आहे. नाव तेच आहे.

मास्तरांचा जंगलातला नियम एकच होता. बघायचे, हात लावायचा नाही. फळी तोडायची नाही, फांदी मोडायची नाही, मुंग्यांच्या रांगेत काडी घालायची नाही. “बघणाऱ्यानं मध्ये पडायचं नसतं,” ते म्हणत. “मध्ये पडलात की जे घडणार होतं ते घडत नाही, आणि मग तुम्ही काय बघितलंत?”

हा नियम फक्त एकदा मोडला, आणि तो त्यांनी स्वतः मोडला.

मोतीराम हा नामदेव माळ्याचा मुलगा. नामदेवचा मळा गावाच्या खालच्या अंगाला, सोनाळ्याच्या वाटेवर होता. वांगी, मिरची, कांदे, मुळे. त्याची बायको गंगूबाई भाजी घेऊन सोनाळ्याच्या बाजाराला जाई. मोतीराम हुशार होता आणि त्याला ते भिंग फार आवडले होते. एका शनिवारी जंगलातून परतताना भिंग मास्तरांच्या पिशवीत नव्हते. सोमवारी सकाळी मोतीरामने ते आणून टेबलावर ठेवले.

“कुठं होतं?”

“घरी नेलं व्हतं, मास्तर. मायले दाखवाले.”

“काय दाखवायला?”

“फळीचा तुकडा. खाली पडला व्हता. तोडला नाही म्या.”

“आई काय म्हणाली?”

“म्हने, चाळणीवानी दिसते.”

वर्गाला वाटले मास्तर खूश होतील. त्यांनी हात पुढे करायला सांगितला नाही, छडी घेतली नाही. पुढच्या शनिवारी धावड्याशी गेल्यावर त्यांनी खिशातून चाकू काढला आणि एक ताजी फळी कापून घेतली. मग बाभळीचा काटा घेऊन तिच्या पांढऱ्या पोटावर लिहायला सुरुवात केली. काटा फिरे तिथे पांढऱ्यावर तपकिरी रेघ उठे. अक्षर त्यांचे सुंदर होते. त्यांनी लिहिले, मोतीराम नामदेव, चोर.

“हे धुतलं जात नाही,” त्यांनी सांगितले, अगदी शिकवण्याच्या आवाजात. “पुसलं जात नाही. फळी वाळली की अक्षर लाकडात कोरल्यासारखं राहतं. हा तिचा गुण आहे. लक्षात ठेवा, परीक्षेत विचारीन.”

फळी वाळवून वर्गाच्या दाराशी खिळ्याला टांगली. गावात वाचता येणारी माणसे थोडी होती. ज्यांना येत नव्हते ते पोरांना घेऊन येत आणि वाचून घेत. शाळातपासणीला आलेल्या डिप्टी साहेबांनी ती हातात घेऊन वळवून पाहिली आणि नमुना उत्तम आहे असा शेरा दिला. मोतीराम तेव्हा शाळेत येत नव्हता. तो मळ्यात बैलांमागे चालू लागला होता.

नामदेवच्या विहिरीवर मोट होती. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावरून दोन लाकडे आत पाण्यावर झुकवून बसवतात. त्यांच्यावर चौकट, चौकटीत चाक, चाकावरून जाड नाडा, नाड्याला कातड्याची मोट. बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर येते. नामदेवची मोट साध्या प्रकारची होती. ती आपोआप रिकामी होत नसे. वर आली की कोणीतरी त्या पुढे आलेल्या लाकडावर उभे राहून तिला हाताने ओढून पाणी पाटात सोडायचे. हे काम गंगूबाईचे. नामदेव बैल हाकी आणि खाली जाताना नाड्यावर बसे. गंगूबाई वर लाकडावर. दिवसभर.

ती लाकडे सालईची होती. सागाला परवाना लागे आणि परवान्यासाठी जंगलखात्याच्या नाकेदाराची मर्जी. सालई कोणी विचारत नसे. सालई मऊ असते, लवकर भिजते. त्यांतले एक काठावरच्या जांभळाच्या सावलीत होते, त्याच्यावर ऊन कधी पडतच नसे. एका पावसाळ्यानंतर त्या लाकडाच्या अंगाला फळ्या आल्या. एका ओळीत, काठाकडून आत पाण्याकडे.

त्या कोणी पहिल्यांदा मोजल्या ते सांगता येत नाही. शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीने, असे बहुतेक सांगतात. तिने मोजल्या तेव्हा त्या सात भरल्या. विहिरीत साती आसरा राहतात हे सगळ्यांना माहीत होते. पाण्याच्या सात बहिणी, कोपल्या तर पोर ओढून नेतात आणि प्रसन्न असल्या तर विहीर आटत नाही. त्या इतके दिवस पाण्यात होत्या. आता ओळीने वर येऊन बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सातही फळ्यांना शेंदूर लागला. मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य, हिरव्या बांगड्या, ओट्या. आजूबाजूच्या गावांतून बाया येऊ लागल्या. त्या उन्हाळ्यात नामदेवची विहीर खरेच आटली नाही.

मास्तर वर्ग घेऊन गेले, बघून आले, आणि त्याच संध्याकाळी चावडीवर गेले. नामदेव तिथे चिलीम ओढत बसला होता. दहा-बारा माणसे होती. मी वडिलांसोबत होतो.

“नामदेव, तुमच्या देवी लाकूड खातात,” मास्तर म्हणाले.

मास्तर बसले नाहीत, उभ्यानेच बोलत राहिले.

“ते लाकूड आतून गेलं आहे. बदलून टाका. तुमची बायको त्यावर उभी राहते. तुम्ही बदललं नाहीत तर ती जाईल.”

नामदेवने चिलीम खाली ठेवली. “मास्तर, माह्या पोराले चोर लिवलं तुमी. आता माह्या आसराले कुजकं म्हनता. आन् माह्या बायकोले जाईन म्हनता, दिवेलागणीच्या टायमाले?”

“मी आहे ते सांगतो.”

“तुमाले काय दिसते ते तुमी सांगता. आमाले काय दिसते ते आमी पाहू.”

“तुम्हाला सात दिसतात. तिथं नऊ आहेत. दोन खाली आहेत, बारीक. मोजतासुद्धा येत नाही आणि पुजायला निघाले.”

कोणीतरी हसले, आणि ते हसणे मास्तरांच्या बाजूचे नव्हते. नामदेव उठून उभा राहिला. “पोकळ हाय म्हन्ता ना? चाला सकाळी. राहा उभे त्याच्यावर. दाखवा आमाले.”

सकाळी निम्मे गाव विहिरीवर होते. मास्तर आले. त्यांच्यापुढचा पेच सगळ्यांना दिसत होता. उभे राहिले नाहीत तर भित्रे, उभे राहिले आणि लाकूड टिकले तर खोटे. लाकूड मोडले तर खरे, पण ते सांगायला वर येणार नाहीत. त्यांनी वहाणा काढल्या. लाकडाला काठाशी ठोका दिला, मान कलती करून ऐकले, आणि चालत टोकापर्यंत गेले. खाली पाणी काळे होते.

“उडी मारा, मास्तर!” मागून आवाज आला.

त्यांनी उडी मारली नाही. ते टोकाला उभे राहिले, वळले, परत आले. लाकूड हलले नाही.

“एका माणसाचं वजन पेलतं ते,” ते म्हणाले. “भरलेली मोट आणि दोन बैलांची ओढ वेगळी. बाहेरचा थर अजून...”

पुढचे कोणी ऐकले नाही. “आसरा पावल्या मास्तरले!” असा एकच गलका झाला. नामदेवने त्यांच्या नावाने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातात दिला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मास्तरांनी तो तुकडा धरून ठेवला, खाल्ला नाही, टाकलाही नाही. वहाणा घातल्या आणि गेले.

आम्ही घरी सांगितले होते की मास्तर म्हणतात ते खरे आहे. त्या सकाळनंतर सांगणेही संपले.

त्यानंतरचे निसर्गपाठ जंगलात झाले नाहीत. दर शनिवारी मास्तर आम्हाला नामदेवच्या विहिरीवर नेत आणि जांभळाखाली बसवत. एक सुतळी होती. तिने ते प्रत्येक फळीची रुंदी मोजत आणि गाठ मारत. मागच्या गाठीपासून नवी गाठ किती पुढे गेली ते आम्हाला विचारत. शेंदरावरून पूड किती गळली ते दाखवत. समोर गंगूबाई लाकडावर उभी राहून मोट ओढत असे. तिने आम्हाला एकदाही हुसकावले नाही. कधी मुळे देई, कधी पेरू. मास्तरांपुढेही पेरू धरी. ते घेत नसत.

“मास्तर, हे पाहून काय होते पोट्ट्याईले?” तिने एकदा विचारले.

“परीक्षेला येतं,” मास्तर म्हणाले.

एका शनिवारी नामदेव बैल घेऊन उतार उतरू लागला होता. मोट अजून खाली पाण्याशी होती, त्यामुळे तिला थोडी उसंत होती. ती लाकडावरून काठावर आली, पदराने हात पुसले आणि मास्तरांच्या जवळ येऊन हलक्या आवाजात बोलली. मी पुढच्या रांगेत होतो.

“मास्तर, पोरानं मले दाखवलं व्हतं थे. भिंगातून. लई भोकं व्हती.” तिने लाकडाकडे पाहिले. “खरंच पडन का हे लाकूड?”

मास्तर सुतळीची गाठ मारत होते. त्यांनी ती पुरी केली.

“मी एकदा सांगितलं आहे.”

“मले नाही सांगतलं. मालकाले सांगतलं.”

“मग मालकाला विचारा. नाहीतर,” त्यांनी फळ्यांकडे मान केली, “यांना विचारा. या आत राहतात.”

खालून नामदेवने हाक मारली, “पाह्यतं काय, मोट आली!” आणि ती परत गेली. पण त्या दिवसापासून तिने उभे राहण्याची तऱ्हा बदलली. उजवा पाय काठाच्या दगडावर, डावा लाकडावर. असे उभे राहून मोट ओढणे अवघड होते. तिची कंबर वाकडी होई. नामदेवने एकदा विचारले, “काऊन व अशी?” तर कुल्ला दुखते म्हणाली. एक पाय देवीवर, एक मास्तरवर, असे शालिग्राम म्हणाला आणि आम्ही हसलो. मास्तरांनीही तो बदल पाहिला. त्यांच्या नजरेतून असे काही सुटत नसे. ते सुतळीला गाठी मारत राहिले.

लाकूड कांद्याच्या हंगामात मोडले. शनिवार नव्हता. वर आलेली मोट तोंडाशी होती आणि बैल उताराच्या तळाला. लाकूड काठाशी तुटले, चौकट आणि चाक आत गेले, आणि त्या ओढीने नाडा उलटा फिरला. नामदेव नाड्यावरून फेकला गेला. एका बैलाचे जू सुटले. दुसरा, ढवळ्या, उतारावरून मागे मागे ओढला जाऊन काठावरून खाली गेला. गंगूबाईचा उजवा पाय दगडावर होता, म्हणून ती आत गेली नाही. डावा लाकडासोबत गेला. तुटलेले टोक फिरून काठाच्या दगडावर आपटले आणि पाय मध्ये सापडला. ती तशी लटकत राहिली, मोतीराम धावत येईपर्यंत.

तालुक्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बैल काढायला दुसरा दिवस उजाडला. विहिरीवर दोर बांधायचे चालले होते. नामदेव डोक्याला फडके बांधून काठावर बसला होता. तेवढ्यात मास्तर आले, मागे आमचा वर्ग दोनदोनच्या रांगेत. शाळेचा तो तास अंकगणिताचा होता.

नामदेवने वर पाहिले. “मास्तर,” तो म्हणाला, “आज तरी पोट्टे घेऊन जा.”

“आजच आणायची होती,” मास्तर म्हणाले.

त्यांनी काठावर राहिलेल्या लाकडाचा तुटका भाग आम्हाला दाखवला. बाहेर जेमतेम दोन बोटांचे लाकूड शिल्लक होते. आत पांढरट, ओलसर, दोरे सुटलेल्या कापसासारखे. त्यांनी त्यात बोट घातले आणि ते पेरापर्यंत गेले. एक तुकडा मोडून पहिल्या मुलाच्या हातात दिला. “वजन बघा. पुढे द्या.” तो तुकडा हातोहात सगळ्या रांगेतून गेला. विहिरीतून “ओढा, ओढा” असा आवाज येत होता. तुकड्याला वजन नव्हते.

मास्तरांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होते याबद्दल वर्गात आजही एकमत नाही. शालिग्राम म्हणतो ते हसत होते. मला ते आठवत नाही. मला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला, तेवढे आठवते.

ते खरे ठरले होते. आता गाव ते मान्य करील, अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी चावडीवर गेले. चावडीवर निकाल आधीच लागला होता. आसरांनी बैल घेतला आणि बाई परत दिली. सातजणी कोपल्या असत्या तर दोन्ही नेले असते. नामदेवने नवस केला होता का, यावर तेवढी चर्चा चालू होती. मास्तर खांबाला टेकून ऐकत राहिले. कोणी त्यांना काही विचारले नाही. त्यांनी खांबाला ठोका दिला आणि ते उठून गेले.

तुटलेले लाकूड विहिरीतून काढून, फळ्यांसकट, जांभळाखाली ठेवले गेले. मंगळवारी पूर्वीपेक्षा जास्त बाया येऊ लागल्या. विहिरीवर सागाची लाकडे बसली. या वेळी नाकेदाराने परवाना लगेच दिला. मोतीराम मोट ओढू लागला.

पुढे मी अकोल्याला एका साप्ताहिकात लागलो. एका पावसाळ्याच्या शेवटी घरी आलो असता मास्तरांची बदली झाल्याचे कळले. ते त्याच दिवशी निघत होते. गाडीत बाज, पेटी आणि पोत्यात बांधलेले लाकडाचे तुकडे. निरोपाला कोणी आले नव्हते. त्यांना सोनाळ्यापर्यंत जायचे होते, मलाही, म्हणून मी गाडीसोबत चालत होतो. वाट नामदेवच्या मळ्यावरून जाते.

गंगूबाई जांभळाखाली बसली होती. शेजारी काठी. तिने गाडीवानाला हात केला. गाडी थांबली.

“मास्तर, चालले म्हने तुमी.”

“हो.”

“उतरा जरा.”

ते उतरले. ती काठीवर उठली, त्या लाकडाशी गेली आणि वाकली. शेंदूर लागलेल्या सात फळ्या तिने तशाच राहू दिल्या. खालच्या अंगाला, मातीलगत, एक नवी आली होती, पांढरीशुभ्र, तळहाताएवढी. ती तिने पिळून तोडली.

“सात आसराच्या,” ती म्हणाली. “तुमीच सांगतलं व्हतं, खाली जास्तीच्या हाय. हे जास्तीची.” तिने फळी उलटी करून त्यांच्यापुढे धरली. दुसऱ्या हातात बाभळीचा काटा होता. तो तिने आधीच आणून ठेवला असावा. “लिवा.”

“काय?”

“माह्या पोराचं लिवलं व्हतं ना, त्यानं काय केलं थे. आता तुमचं लिवा. तुमी काय केलं थे.”

गाडीवान बैलांच्या शेपट्यांकडे बघत होता. मोतीराम मोट थांबवून विहिरीवरून आला आणि काही अंतरावर उभा राहिला. मास्तरांनी फळी घेतली. नकार देतील असे मला वाटले. त्यांनी चष्मा वर सरकवला, फळी डाव्या तळहातावर तोलली आणि लिहिले. वेळ लागला नाही. अक्षर तसेच होते, टपोरे, सरळ रेषेत. खाली त्यांनी नाव घातले. फळी तिच्या हातात परत दिली आणि गाडीकडे निघाले. जाताना विहिरीच्या सागाच्या लाकडाशी थांबले, वाकून दोन ठोके दिले, मान कलती करून ऐकले. मग गाडीत चढले. मी त्यांना त्यानंतर पाहिले नाही.

गंगूबाईला वाचता येत नव्हते. तिने फळी मोतीरामपुढे धरली.

“काय लिवलं रे?”

मोतीरामने ती हातात घेतली नाही. मान पुढे करून वाचले.

“सांगितले होते. वझरकर.”

तिने फळी स्वतःकडे वळवून बराच वेळ पाहिली.

“मिटते का हे?”

“नाही मिटत,” मोतीराम म्हणाला. “माहं अजून शाळेत हाय.”

“राहू दे मंग,” ती म्हणाली, आणि ती फळी कुठे टांगावी म्हणून जांभळाच्या फांद्यांकडे बघू लागली.